बिनव्हेंटची छत्री

भाऊ आला तेव्हा ताई शिलाईच्या ऐन मध्यावर होती, म्हणून तिने मशीन थांबवलं नाही. त्याने पाठीवरची पिशवी कापणीच्या लांब टेबलावर टाकली आणि मशीनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला, "वर्षाची तपासणी! जरा लवकर उरक. पुढच्या रविवारी खाणीवर जायचंय."

भावाला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून पडलेलं नाव, चाळिशी दिसायला लागली तरी सुटलं नव्हतं. आठवडाभर तो लिफ्ट दुरुस्त करायचा, माणसं वरून खाली सुखरूप यावीत म्हणून तारा तपासायचा, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच कड्यावरून उडी मारायचा. विमानातून नव्हे. कड्यावरून, पुलावरून, जिथे पायाखालची जमीन संपते तिथून. विमानातून उडी मारणाऱ्याच्या पाठीवर दुसरी, राखीव छत्री तरी असते. इथे दुसरी उघडायला वेळच नसतो. जी आहे ती एकच.

आणि ती एकच छत्री ताईच्या हातची होती. पॅराशूट शिवण्याच्या या छोट्या कारखान्यात लागल्यावर तिने पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीने शिवलेली. आपलं पहिलं काम म्हणून तिने ती भावाला दिली होती. आता तिला त्याच छत्रीचा राग यायचा.

"तपासते," ती मशीनवरून उठत म्हणाली. "पण खाणीवर ही नेऊ नकोस. किती वेळा सांगू?"

"झालं सुरू."

"खाणीचा कडा बुटका आहे. भिंत जवळ आहे. तिथे व्हेंटची छत्री पाहिजे."

"भोकं पाडलेली छत्री," भिंगरी टेबलावर बसत म्हणाला. "पाऊस आला म्हणजे?"

हा विनोद त्याने वर्षभरात इतक्या वेळा केला होता, की शेजारच्या मशीनवरच्या बाईही आता हसत नसत.

ताईने पुन्हा समजावलं. या छत्र्या म्हणजे दोन कापडांमध्ये शिवलेले कप्पे. पुढचं तोंड उघडं, त्यातून वारा शिरतो, कप्पे फुगतात आणि कापडाचा पंख होतो. वेगाने पुढे जात असलास तर वारा समोरून तोंडात शिरतो. पण कड्यावरून नुकतीच उडी मारलीस तर तू सरळ खाली पडत असतोस. तोंड समोर, वारा खालून. तोंडात शिरायला वाऱ्याला वळसा पडतो. म्हणून खालच्या कापडाला, तोंडाजवळ, भोकं ठेवायची आणि आतून झडपा शिवायच्या. वारा खालून आत येतो, झडप त्याला बाहेर जाऊ देत नाही. छत्री लवकर टणक होते. टणक झाली की ब्रेकच्या दोऱ्या खेचल्याबरोबर ऐकते. भिंतीकडे तोंड करून उघडली तरी जागच्या जागी थांबवता येते, मागे घेता येते.

"माझी भिंतीकडे तोंड करून उघडतच नाही," भिंगरी म्हणाला. "नेहमी सरळ. तुझ्याच हातची आहे ना? तुझा तुझ्या हातावर विश्वास नाही?"

स्वतःच्या कामाला नावं ठेवावीत तर तो म्हणणार, तेव्हा मग वाईट का शिवलीस. ठेवू नयेत तर म्हणणार, मग झालं तर. ताईने हातातली कात्री टेबलावर आदळली. "वाईट नाहीये रे ती! हलकी आहे, छोटी घडी होते, उंच पुलावरून हवं ते कर तिच्यासोबत. पण बुटक्या भिंतीजवळ ती उशिरा जागी होते."

"दाखव," तो म्हणाला. "दोन्ही माझ्यासमोर टाकून दाखव. पटलं तर बदलतो. शब्द."

शब्द दिला म्हटल्यावर ताईने तो घट्ट धरला. कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, त्यांच्याकडून तिने दोन छत्र्या मागून घेतल्या. माप तेच, कापड तेच. एक व्हेंटची, एक बिनव्हेंटची. आणि जावई मागून घेतला.

जावई म्हणजे चाचणीचा पुतळा. कामगाराचा जुना, बाह्या कापलेला डगला आणि विजार एकत्र शिवून त्यात वाळू भरलेली, डोक्याच्या जागी कापडाचा गोळा. स्वतः काही करत नाही, सगळीकडे उचलून न्यावा लागतो आणि बसवावा तिथे फुगून बसतो, म्हणून जावई.

शनिवारी सकाळी ते खाणीवर गेले. दगड काढून झाल्यावर सोडून दिलेली खाण. एका बाजूला सरळ तुटलेला कडा, पायथ्याशी दगडांचा उतार आणि त्याच्यापुढे साचलेल्या पाण्याचं हिरवं तळं. भिंगरीने जावयाला पाठुंगळी घेऊन वर नेलं. खाली त्याची बायको गाडीला टेकून उभी राहिली. ती शाळेत गणित शिकवायची, आणि या सगळ्या प्रकाराकडे ती एखाद्या विद्यार्थ्याने भलत्याच रीतीने सोडवलेल्या गणिताकडे पाहावं तशी पाहायची.

"ताई, नक्की काय बघायचं आहे?" तिने फोनवर विचारलं.

"दोन्ही किती लवकर भरतात ते बघ," ताई वरून म्हणाली. "व्हिडिओ घे. हलवू नकोस."

छत्र्यांच्या घड्या ताईने स्वतः घातल्या होत्या, सारख्याच. आधी बिनव्हेंटची. कड्यावरच्या खुंटीला बारीक दोरीने छत्रीचं टोक बांधलं, म्हणजे जावई पडताना छत्री आपोआप बाहेर ओढली जाईल आणि मग दोरी तुटेल. भिंगरीने त्याला ढकललं. छत्री बाहेर आली, क्षणभर ओल्या चादरीसारखी लोंबली, मग कप्पा कप्पा भरत गेली आणि जावई ऐटीत तळ्याकडे निघाला. सरळ. अगदी नाकासमोर.

"वा जावईबापू!" भिंगरी ओरडला.

पुन्हा वर आणून पुन्हा टाकला. पुन्हा सरळ.

मग व्हेंटची. छत्री बाहेर आली आणि फाट्‌कन भरली. लोंबणं नाही, काही नाही, आली तीच पंख होऊन. खालून भावजयसुद्धा म्हणाली, "अरे, ही खरंच लवकर भरली!" ताईने भावाकडे पाहिलं. त्याने ओठ पुढे काढून मान डोलावली. म्हणजे अर्धं काम झालं होतं.

तिथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण बिनव्हेंटची दोनदा टाकली होती, तर ही पण दोनदा टाकायला हवी, नाहीतर तुलना कसली? तिने घडी घातली, बांधलं, भिंगरीने ढकललं. छत्री फाट्‌कन भरली, तशीच गर्रकन वळली, आणि जावई पूर्ण वेगाने, छाती पुढे काढून, कड्यावर जाऊन आपटला. मग सरकत सरकत दगडांत पडला. पोट फाटून वाळू सांडत राहिली.

भिंगरी हसता हसता खाली बसला. "ताई," त्याला बोलता येईना, "ताई, जावयाला तुझी छत्री फार आवडली गं! माघारीच आला!"

"त्याला हात नाहीयेत!" ताई ओरडली. "हात असते तर त्याने ब्रेक खेचले असते! व्हेंट छत्री सरळ उघडावी म्हणून नसतातच मुळी. वाकडी उघडली तर तुझं ऐकावी म्हणून असतात!"

"मग बिनहाताचा जावई आणलास कशाला?"

खाली उतरल्यावर भावजयीने शांतपणे विचारलं, "मग यावरून काय सिद्ध झालं?"

"काही नाही," ताई म्हणाली. तिला स्वतःच्याच उत्तराचा संताप आला.

"ती वळली का?"

"वाऱ्याची झुळूक आली असेल. माझ्या घडीत काही असेल. वाळू एका अंगाला सरकली असेल. काहीही."

"म्हणजे शंभरातल्या किती वेळा व्हेंटचा फायदा होतो, असं काही सांगता येत नाही?"

"नाही गं. प्रत्येक उडी वेगळी. तीच उडी परत मारून बघता येत नाही."

गणिताच्या बाईला असलं उत्तर देणं म्हणजे कोरा पेपर देण्यासारखंच होतं.

सोमवारी तपासणी. ताईने भावाची जुनी छत्री खालून दिवे लावलेल्या काचेच्या टेबलावर पसरली. प्रकाशात शिवण न् शिवण दिसत होती. कुठे हात कचरला होता, कुठे घाई केली होती, तिला सगळं ओळखू येत होतं. दोऱ्या ठीक. कप्प्यांमधले पडदे ठीक. राहिलं कापड. वापरून वापरून कापड विरळ होतं आणि हवा झिरपायला लागते. ते मोजायचं एक छोटं यंत्र होतं. कापड चिमट्यात धरायचं, हवा सोडायची, आणि काटा खाली यायला किती वेळ लागतो ते पाहायचं. लवकर आला तर कापड गेलं.

ती मनापासून वाट पाहत होती, काटा लवकर यावा म्हणून. काटा रमतगमत आला. तिने दुसरा कप्पा लावला, मग तिसरा. मधल्या कप्प्यांचं कापड अगदी सीमेवर होतं, पण सीमेच्या आत.

तेव्हा तिच्या मनात आलं: सांगून टाकावं. कापड गेलं. दोन शब्द. भिंगरी कुणावर नाही तरी तिच्यावर विश्वास ठेवतो. वाद घालेल, तोंड पाडेल, पण तिने बाद केलेली छत्री तो पाठीवर घालणार नाही. यंत्र काय म्हणालं ते तिच्याशिवाय कुणाला कळणार होतं?

मास्तर मागे येऊन उभे राहिले. "किती?"

"सीमेवर."

"आत का बाहेर?"

ताईने उत्तर द्यायला वेळ लावला. मास्तरांनी चष्मा वर करून तिच्याकडे पाहिलं. या टेबलावर लोक आपली छत्री ठेवून जायचे आणि ताईने ठीक म्हटलं की पाठीवर घालून उडी मारायचे. आज तिने खोटंच बाद म्हटलं, तर उद्या तिने ठीक म्हटलेलं खरं कशावरून?

"आत," ती म्हणाली.

भावाला तिने फोन केला. "पास. पण..."

"पास ना? मग पणबिण नाही. ताई, तुला सांगतो, तुझ्या हातची गोष्टच वेगळी आहे."

तिने फोन ठेवला. पालथ्या घड्यावर पाणी घालायचं म्हटलं तरी घडा निदान ओला होतो.

रविवारी ती खाणीवर गेली, कारण घरी बसवेना. भावजयही आली होती. दोघी तळ्याच्या काठी उभ्या राहिल्या. वर कड्याच्या टोकावर भिंगरी दिसला, हात वर करून हलवला, आणि निघाला.

छत्री वळून उघडली. एवढी वर्षं सरळ उघडणारी छत्री त्या सकाळी पाठ फिरवून, कड्याकडे तोंड करून उघडली. भिंगरीचे हात वर गेलेले ताईला स्पष्ट दिसले. त्याने खेचलं, जे करायचं तेच केलं, वेळेवर केलं. पण छत्रीचं तोंड अजून मऊ होतं. ती ऐकेना. पुढे पुढेच गेली.

"मागे घे, मागे घे, मागे घे," ताई पुटपुटत होती. भावजयीने तिचं मनगट धरलं होतं. नखं रुतली ते तिला नंतर कळलं.

त्याने पाय पुढे घेतले आणि पायांवर कडा झेलला. आवाज तळ्यापर्यंत आला. छत्री अर्धी मिटली, तो भिंतीला घासत घसरला, मग तोंडातून वारा शिरून कप्पे पुन्हा भरले आणि छत्रीने त्याला भिंतीपासून बाजूला ओढून दगडांच्या उतारावर टाकलं.

दोघी धावल्या. तो बसलेला होता. तोंड पांढरं पडलेलं, एक बूट भलत्याच दिशेला वळलेला.

"मी ठीक आहे," तो म्हणाला आणि ओकला.

टाच आणि घोटा, दोन्ही मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, धातूच्या पट्ट्या बसवल्या, पाय टांगून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई भेटायला गेली तेव्हा तो उशांना टेकून बसला होता आणि तिने काही विचारण्याआधीच म्हणाला, "व्हेंट असते तरी हेच झालं असतं."

ताई खुर्चीवर बसली. भावजय खिडकीपाशी कपडे घडी करत होती. तिने वळून विचारलं, "खरं आहे का, ताई? असते तर वाचला असता का पाय?"

हे उत्तर ताईकडे असायला हवं होतं. वर्षभर ती याच क्षणाबद्दल बोलत होती. तिने तोंड उघडलं आणि जे बाहेर आलं त्याची तिला स्वतःलाच चीड आली. "कदाचित."

"कदाचित," भिंगरी म्हणाला. "बघ."

"बहुतेक," ताई म्हणाली. "पण शपथेवर सांगता येणार नाही."

तेवढ्यात दाढी आले. दाढी म्हणजे कड्यावरून उडी मारणाऱ्यांमधले सगळ्यात जुने. पांढरी दाढी छातीपर्यंत, गुडघे दोन्ही खिळखिळे, आणि अजूनही उड्या मारणारे. त्यांनी संत्र्यांची पिशवी पलंगावर ठेवली, टांगलेला पाय पाहिला आणि विचारलं, "कुठली छत्री होती?"

"बिनव्हेंटची, काका."

"खाणीवर? वेडा आहेस का? तिथे वाकडी उघडली तर मागे घेणार कशी? व्हेंटची घे."

बस्स. एवढंच बोलले. मग संत्रं सोलायला लागले.

भिंगरी विचारात पडला. मग हळूच, एखादी नवी गोष्ट कळल्यासारखा ताईकडे वळला. "ताई, ऐकलंस? काका म्हणतायत ते बरोबर वाटतंय. वाकडी उघडते तेव्हाच खरा उपयोग. आधी असं कुणी नीट सांगितलंच नाही."

ताई उठली. पर्स उचलली आणि बाहेर व्हरांड्यात गेली. तिथे एका रिकाम्या स्ट्रेचरला तिने लाथ घातली. ते चाकांवर गडगडत जाऊन भिंतीला थडकलं. समोरून येणाऱ्या नर्सने डोळे मोठे केले. ताईने जाऊन स्ट्रेचर जागेवर आणलं आणि माफी मागितली.

मागून भावजय आली. "तो असाच आहे," ती म्हणाली. "गॅसचा वास येतो म्हणून मी आठवडाभर सांगत होते. शेजारचे म्हणाले तेव्हा त्याला वास आला."

ताईला हसू फुटलं आणि त्याबरोबर रडूही. भावजय मात्र हसत नव्हती.

"ताई, एक बोलू? तुम्ही दोघं वर्षभर भांडताय, व्हेंटची चांगली की बिनव्हेंटची. टेबलावर बसून भांडता, जेवताना भांडता. मला कुणी कधी विचारलं का? मला तिसरी चालली असती. कपाटात घडी करून ठेवलेली."

हे ताईच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. दोन्ही छत्र्यांचा तिने सगळ्या बाजूंनी विचार केला होता, आणि हिचा केला नव्हता.

"तू सांग त्याला," ती शेवटी म्हणाली. "मी तुझ्या बाजूने बोलेन."

"सांगून बघितलंय. लग्नाआधी सांगितलं, नंतर सांगितलं. आता दाढीकाकांनाच सांगायला लावते." ती डोळे पुसत आत गेली.

दाढींनी ते मात्र सांगितलं नाही. सांगणार तरी कुठल्या तोंडाने?

पाय जमिनीवर टेकायला लागल्यावर भिंगरी काठी टेकत कारखान्यात आला. नवी छत्री शिव म्हणाला, व्हेंटची. ताईने सांगितलं, तुझी बायको हो म्हणेपर्यंत मी सुईत दोरा ओवणार नाही. तो फणफणत गेला. नवरा-बायकोचं काय बोलणं झालं कुणास ठाऊक. बऱ्याच आठवड्यांनी भावजयीचा फोन आला. खाण कायमची बंद. भिंत असेल ती कुठलीही जागा बंद. फक्त पूल, तोही खाली पाणी असलेला. आणि छत्री व्हेंटची.

"पुलावर व्हेंटची तशी गरज नसते," ताईच्या तोंडून निघून गेलं. लगेच तिने जीभ चावली.

भावजय म्हणाली, "ताई, आता कृपा करून नका सांगू."

ताईने शिवायला घेतली. व्हेंटचं काम वेळखाऊ. प्रत्येक भोकाला पट्टी लावायची, आतून झडप, ती उलटी होऊ नये म्हणून तिच्या कोपऱ्यांना टाके, आणि हे सगळं कापड गोळा होऊ न देता. एक झडप तिरकी बसली तर तिने सगळी उसवली. भिंगरी रोज यायचा, स्टुलावर पाय ठेवून बसायचा आणि सल्ले द्यायचा. "झडप जरा मोठी ठेव. दाढीकाका म्हणत होते..." तिसऱ्या दिवशी तिने त्याला काठीसकट बाहेर काढलं आणि दाराला आतून कडी लावली.

उडी पुलावरून झाली. ताई खाली नदीच्या काठावर होती. भावजय आली नव्हती. छत्री फाट्‌कन भरली, सरळ उघडली, आणि भिंगरीने ती आरामात गवतावर उतरवली. चांगल्या पायावर भार देऊन उभा राहिला.

"कशी आहे?" ताईने विचारलं.

"धक्का फार देते गं," खांदा चोळत तो म्हणाला. "आणि जड आहे. पण ठीक आहे. काका म्हणाले होते, सवय होईल."

ताईने दात आवळले, फोन काढला आणि भावजयीला लावला. "उतरला. नीट आहे."

"बरं," भावजय म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" भिंगरीने विचारलं.

"बरं म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच. ते टोक धर. चिखलाला लागतंय कापड."

त्याने टोक धरलं. दोघांनी मिळून छत्री उचलली आणि लंगडत्या भावाच्या चालीने, दर पावलाला थांबत, रस्त्याकडे चढायला लागले.